ओल्या हातानं

"कोरड्या हातानं धरू नगं पोरी. पोळतं त्यांना."

मंजुळाबाईनं ज्वारीच्या लाह्यांची ओंजळ पाण्याशी नेली, तसा तो आवाज कानाशी आला. किती वर्षांमागचा आवाज, पण अजून तसाच. तंबाखूनं जाडसर झालेला, शेवटच्या अक्षरावर मऊ पडणारा. शिवनेच्या डोहावर सकाळचं धुकं रांगत होतं. गुडघाभर पाण्यात उभं राहून तिनं हाक घातली,

"ये गं बाई खडशे, खडक सोडून
तुझ्या वाटची लाही ठेविली काढून"

पाणी आधी नुसतं उसासलं. मग खडकाच्या सावलीतून आणखी एक सावली सुटली आणि वर येता येता तिचा खडशी मासा झाला. जुन्या पितळेच्या रंगाचे खवले, हाताच्या पंजाएवढं शेपूट. मंजुळाबाईच्या बोटांना त्याच्या ओठांचा गारवा लागला. मागून दुसरा आला, तिसरा आला. धुक्यात पाणी कुठं संपतं आणि मासे कुठं सुरू होतात, ते कळेनासं झालं.

काठावर मुकुंद गळ आवरून बघत उभा होता. चिकलठाण्याच्या कारखान्यातला हा इंजिनिअर रविवारी शहरातून गळाचे शौकीन पाहुणे घेऊन यायचा. गळाला लागलेला मासा ओल्या हातानं सोडवायचा, पाण्यात परत द्यायचा आणि या खेळाचे पैसे गावाला द्यायचे, अशी त्यानं रीत घालून दिली होती. त्याच पैशांवर मंजुळाबाईचा नवरा मल्हारी मेंढरं भावाकडं देऊन डोहाची राखण करी. त्याआधी विहिरी फोडायचे सुरुंगाचे बार आणून कुणीही डोहात उडवायचं. धडाका व्हायचा आणि पाणी पांढऱ्या पोटांनी भरून जायचं. राखण बसल्यापासून ते लोक फिरकले नव्हते.

मुकुंदनं पहिल्यांदा मासा धरण्याआधी हात भिजवले, तेव्हा मंजुळाबाई दचकली होती.

"साहेब, हे कुणी सांगितलं तुमाला?"

"पुस्तकात वाचलं, वहिनी. आणि ही हाक तुम्हाला कुणी शिकवली?"

"इथंच शिकले," एवढं बोलून ती लाह्यांची दुरडी घासायला बसली होती. नंतरही त्यानं विचारलं की ती तेवढंच सांगे.

आज कन्नडहून सांडू पेंटर आला होता. करंजाच्या बुंध्याला पत्र्याची पाटी टेकवून त्यानं खालची ओळ रंगवूनही टाकली होती : मासा ओल्या हाताने धरावा, पुन्हा पाण्यात सोडावा. वर डोहाच्या नावाची जागा कोरी होती. पाटी लागली की तिचा फोटो शहरात औरंगपुऱ्यातल्या दुकानांतून लावायचा, म्हणजे आणखी पाहुणे येतील, असं मुकुंदच्या मनात होतं.

"रंगावर साय धरायलीय, साहेब," सांडू म्हणाला. "वर काय टाकू?"

खुर्चीत बसलेले आप्पासाहेब पाटील खाकरले. "धरायचा आन् सोडायचा. असला उपास माझ्या आज्यानं नसता केला. पर हरकत नाय, त्याचंच नाव टाका."

"मूळचं काही नाव असेल ना?" मुकुंदनं विचारलं.

"पाण्याला कशाचं नाव? आधीच एका नावापायी सारा मराठवाडा एकदा पेटलाय. आन् साहेब, तुमची जीप माझ्या वावरातून येती. मी कधी आडवलीय?"

ते हसले. काठावर बसलेला मल्हारीही हसला, पण त्याचे डोळे मंजुळाबाईकडं होते. पहाटे चुलीपुढं तो तिला म्हणाला होता, "आज तोंड उघडू नगं. वाट गेली तर साहेब गेला, आन् साहेब गेला की बारवाले आलेच."

मंजुळाबाईला ते पटलं होतं. अजूनही पटत होतं. तिनं उरलेल्या लाह्या पाण्यावर सोडल्या. त्या तरंगत खालच्या घाटाकडं निघाल्या.

गाव वरच्या घाटावर पाणी भरायचं. हा डोह खालच्या अंगाला, बौद्ध वस्तीच्या वाटचा. नवी नवरी असताना चुकलेलं करडू शोधत मंजुळा इथं उतरली, तेव्हा वस्तीतली गोजरबाई पाण्यात उभी राहून हाक घालत होती. तिच्या हातचा पाण्याचा थेंब वरच्या घाटाला चालत नव्हता, आणि मासे तिच्या तळहातातून खात होते. गोजरबाईनं मंजुळाची मनगटं धरली आणि पाण्यात बुडवली. घरी सासूनं विचारलं, कुठं होतीस? मंजुळा म्हणाली, खाली.

मग विद्यापीठाच्या नावावरून रान उठलं ते साल आलं. एका सांजेला वस्तीतली घरं जळाली. उजाडताना माणसं बोचकी घेऊन शहराच्या वाटेला लागली. गोजरबाई वळणावर थांबली आणि डोहाकडं बघून मंजुळाला म्हणाली, "भुकेली ऱ्हातील गं." तेवढंच. त्यानंतर गावात तिचं नाव कुणी काढलं नाही. मंजुळाबाईनंही नाही, ती फक्त लाह्या भाजत राहिली.

"मग आज्याचंच लिहू का?" सांडूनं कुंचला रंगात बुडवला.

मंजुळाबाई बाहेर यायला वळली. मोठा मासा अजून तिच्या पोटऱ्यांशी घुटमळत होता, लाह्या संपल्या तरी. तिनं वर पाहिलं.

"नाव हाय त्याला," ती म्हणाली.

आप्पासाहेबांनी मान वळवली. "आँ? आमाला तर ठावं नाय. कुणाचं गं?"

मल्हारीनं मान हलवली, कुणाला दिसू नये इतकी हळू. ती त्याच्याकडं बघत राहिली. बघता बघता त्यानं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि नजर पाण्याकडं वळवली. आता तो काही म्हणणार नव्हता.

मंजुळाबाई वाकली. हात ओलेच होते, तरी तिनं ते पुन्हा पाण्यात बुडवले, मनगटापर्यंत, आणि निथळू दिले. मग ज्या आवाजात ती मासे बोलावी त्याच आवाजात, शेवटच्या अक्षरावर मऊ पडत, ती म्हणाली,

"लिहा दादा. गोजरबाईचा डोह."