तिसऱ्या भागातला फोन

मालिकेचा तिसरा भाग लेखिकेने लोकांना धडकी भरवायलाच लिहिला होता. एक कंपनी मेलेल्या माणसाचे मेसेज आणि आवाज गोळा करते आणि यंत्राकरवी रोज त्याच्या घरी फोन करते. घरचे आधी सुखावतात, मग त्या फोनपायी नोकरी, झोप, माणसं सगळं सोडून बसतात. निर्माता खूश झाला. लोक मोबाइल फेकून देतील म्हणाला, आणि जाहिरात मात्र मोबाइलचीच घेतली.

एक आगळीक तिच्या हातून झाली होती. मुदत डोक्यावर आली, यंत्राला बोलायला वाक्य सुचेना, तेव्हा तिने धाकट्या भावाचं वाक्य उचललं. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याचा फोन हटकून तसाच सुरू व्हायचा, "आई, ऐक, आधी रागावू नकोस." मग कुठे परीक्षा बुडालेली असायची, कुठे गाडी ठोकलेली.

रविवारी दुपारी आई तिच्या शेजारी बसून तो भाग बघत होती. वाक्य आलं तसं लेखिकेने आईकडे पाहिलं. आता आई चार शब्द सुनावेल, आणि ते योग्यच होतं. पण भाग संपेपर्यंत आई जागची हलली नाही.

"या कंपनीचा नंबर असेल ना गं तुझ्याकडे?"

"आई, अशी कंपनी नाहीये. मी रचलंय सगळं."

"त्याचे मेसेज आहेत माझ्याकडे. एकही पुसला नाही."

"अगं, भागातल्या त्या बाईचं शेवटी काय झालं पाहिलंस ना? वाटोळं झालं तिचं."

"पाहिलं की. पण तिला फोन यायचा."

सहा महिने खपून उभी केलेली भीती आईपर्यंत पोचलीच नव्हती. आईचं व्हायचं ते आधीच होऊन गेलं होतं.

"शेवटच्या वेळी मी त्याचं ऐकूनच घेतलं नाही," आई म्हणाली. "चिडून फोन ठेवला. त्याचं बोलणं तुला येतं. तू कर एकदा. मी काही फसणार नाही, मला कळतं."

लेखिकेने आत जाऊन दार लावलं आणि नंबर लावला. आईने लगेच उचलला.

"आई, ऐक..." ती भावाच्या सुरात म्हणाली.

"बोल रे. नाही रागावत. या वेळी नाही ठेवणार मी फोन."

लेखिकेला पुढे शब्द फुटेना, आणि फोन ठेवायची तिचीही हिंमत होईना.