रोलरच्या लेथवरची गिटार

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला, ऊस झाला नाही, अन् आमच्या सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. आम्ही वर्कशॉपवाले मशिनींना ग्रीस लावायचो आणि एकमेकांवर खेकसायचो. त्यात मी, शहादेव टर्नर, जरा जास्तच.

तेरा एप्रिलला सकाळी माझी लेक विशाखा गिटार घेऊन वर्कशॉपात आली. दुसऱ्या दिवशी जयंती. वस्तीतल्या बाया यंदा पहिल्यांदाच मंचावर गाणार होत्या आणि साथीला हिची एकटीची गिटार. तिनं हात पुढं केला. बोटं कापलेली होती.

"अप्पा, हवा लई कोरडी हाय. लाकूड आकसलं, ह्या फ्रेट वर आल्यात, टोकं बोटं कापत्यात. सूर नुस्ता खरखरतोय. बीडचा दुकानदार म्हनला, आठ दिवस लागतेल."

फ्रेट म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. ऊस पिळायचे टनावारी वजनाचे रोलर मी लेथवर चढवून कातून काढतो, तिथं ही दांडी कोणत्या झाडाचा पाला!

पण जॉब कार्डाशिवाय आमच्याकडं मशीन चालत नाही. फोरमन अर्जुनराव चष्मा पुसत म्हणाले, "कारखान्यात गिटार नावाचं मशीन न्हाई बे, शहादेव." तरी त्यांनी कार्डावर लिहिलं: गिटार, एक नग, दुरुस्ती.

मी पितळेचा सपाट ठोकळा केला, ड्रिल मशीनमध्ये अडकवला, अन् मोटर बंद ठेवून नुसत्या हँडलनं पट्टी दाबली. मधे बसली, कडा तशाच वर. पुन्हा दाबली. पुन्हा तेच.

"अप्पा, मगापासून सांगतेय, दांडी सपाट नसती. जरा गोल असती."

"सत्तावीस वर्सं झाली मला ह्या कामात. तू शिकवू नको!"

तरी स्टीलची मोजपट्टी दांडीवर आडवी धरून बघितली. दोन्ही कडांना खालून उजेड दिसला. जगातलं सगळं सपाट असावं ही माझी एक खोड, लेकीचं ऐकायचं नाही ही दुसरी. मला लाज वाटली.

"गोलाई किती, बाई?" मी विचारलं.

"बारा इंचाची त्रिज्या."

एवढा घेर फक्त रोलरच्या लेथला जमणार. तो दोन वर्षं झाकलेला. अर्जुनरावांनी स्वतः ताडपत्री ओढली. अंगठ्याएवढा पितळी ठोकळा त्या राक्षसाला बांधला, तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. लेथ घरघरला. आवाज ऐकून कॉलनीतली माणसं धावत आली, त्यांना वाटलं कारखाना सुरू झाला.

ठोकळ्याला पोटाशी हवा तसा बाक आला. मग एकेक पट्टी दाबली की कच्कन बसायची, कडेपर्यंत. टोकं बारीक कानशीनं घासली. विशाखानं दांडीवरून बोट फिरवलं. "कुटंच लागंना, अप्पा!"

"थांबा," अर्जुनराव ओरडले. "ट्रायलशिवाय काम गेटाबाहेर जात न्हाई!"

विशाखा स्टुलावर बसली. माझी बायको पारूबाई जेवणाचा डबा घेऊन आली होती, तिनं डबा लेथवर ठेवला अन् उद्याचं गाणं सुरू केलं. पत्र्याच्या शेडमध्ये सूर असा घुमला की तेलकट हातांनी सगळे टाळ्यांचा ठेका धरू लागले. मला रडू आलं, मी लपवलं नाही.

गाणं संपलं तसे अर्जुनराव कार्ड घेऊन बसले. खाली 'मशीनची स्थिती' असा रकाना असतो. दोन वर्षं प्रत्येक कार्डावर त्यांनी तिथं 'बंद' लिहिलं होतं. त्यांनी पेन झटकलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चालू'.