स्वतःच्याच वॉरंटवर हरकत

मृणालिनीने पुण्यात बारा वर्षं आरोपींची वकिली केली होती. मग नवऱ्याची, गिरीशची, नोकरी डब्लिनला आली. क्लोनडॉकिन उपनगरातल्या नीटनेटक्या घरात न्यायाधीश नव्हते, त्यामुळे बाई सहा वर्षं वॉशिंग मशीनशी हुज्जत घालत राहिल्या.

शेवटी तिने युरोपियन युनियनच्या फौजदारी कायद्याचा अभ्यासक्रम घेतला. एका देशात गुन्हा करून दुसऱ्या देशात पळालेल्या माणसाला परत कसं पाठवायचं, हा त्यातला मुख्य मामला. सत्तावीस देशांनी एकमेकांच्या कोर्टांवर विश्वास ठेवायचा, आलेल्या वॉरंटवर माणूस हवाली करायचा आणि निर्णय शक्यतो साठ दिवसांत द्यायचा. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मृणालिनीला हसूच फुटलं. साठ दिवसांत तिच्या अशिलांचं धड वकीलपत्रही दाखल होत नसे.

पण तोंडी परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. उभी राहिली आणि तोंडातून शब्दच फुटेना. आता दुसरी आणि शेवटची संधी होती.

"या वेळी गेलं ना, तर पुन्हा वकिलीचं नाव काढणार नाही," तिने सकाळी जाहीर केलं.

"अगं, एवढं टेन्शन कशाला घेतेस यार?" गिरीश म्हणाला. त्याला सगळ्याचंच टेन्शन येत असे, म्हणून तो इतरांना हा सल्ला सढळ हाताने देई.

"यू'ल बी ग्रँड, आई," अकरा वर्षांची स्वरांगी टोस्ट चावत म्हणाली. पोरीला मराठी सगळं कळायचं, पण 'सगळं झकास होईल' हे उत्तर मात्र पक्क्या डब्लिनकराचं.

परीक्षा म्हणजे नकली कोर्ट. प्राध्यापकबाई न्यायाधीश. एका कल्पित देशाने शिक्षा झालेला एक माणूस परत मागितलेला. त्या माणसाची वकील ओर्ला, कॉर्क शहरातली हुशार मुलगी, आणि सरकारतर्फे मृणालिनी. वॉरंटची प्रत दहा मिनिटं आधी हातात मिळाली.

सरकारी वकिलाने काय करायचं? वॉरंट ठीक आहे म्हणायचं आणि माणूस मागायचा. पण मृणालिनीची नजर बारा वर्षं एकाच कामाला जुंपलेली: पोलिसांच्या कागदात काय राहिलंय ते हुडकायचं. ती कागद वाचायला लागली आणि चौथ्या रकान्यावर अडकली. खटल्याच्या वेळी आरोपी हजर होता की नव्हता, हे तिथे लिहायचं असतं. रकाना कोराकरकरीत!

तिच्या अंगात एकदम वारं शिरलं. पुकारा होताच ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझी हरकत आहे! हे वॉरंट अपूर्ण आहे. या माणसाच्या पाठीमागे खटला चालवला असेल तर? मला तारीख हवी!"

ओर्ला तोंडाचा आ वासून बघत होती. मग मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं.

"तुम्ही सरकारच्या वकील आहात ना?" प्राध्यापकबाईंनी चष्म्यावरून विचारलं.

मृणालिनीने हातातला कागद पुन्हा पाहिला. आपल्याच वॉरंटचा आपणच मुडदा पाडला होता! ओर्लाला तो रकाना दिसलाही नव्हता. मृणालिनी गप्प बसली असती तर जिंकली असती. गेली परीक्षा, तिला वाटलं. पण गंमत अशी की तोंड मात्र या वेळी बंद पडलं नाही.

"हो, सरकारचीच," ती म्हणाली. "म्हणूनच सांगतेय. वॉरंट फेटाळा असं मी म्हणत नाही. पंधराव्या कलमाखाली त्या कोर्टाला पत्र पाठवा आणि विचारा, हा माणूस हजर होता का? उत्तराला मुदत द्या. साठ दिवसांतले अजून चाळीस बाकी आहेत. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे विचारायचंच नाही, असं थोडंच आहे? आणि सरकारला अर्धवट कागदावर माणूस बोटीत घालायची घाई कशाला हवी?"

ओर्लाने जिवाच्या आकांताने वॉरंट फेटाळण्याची मागणी केली, पण प्राध्यापकबाई लिहीतच राहिल्या. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "तो रकाना मी दर वर्षी कोरा ठेवते. आरोपीच्या वकिलाला कधीमधी सापडतो. सरकारी बाजूने कुणी स्वतःहून सांगितल्याचं अकरा वर्षांत मी ऐकलं नव्हतं. तुम्ही पास आहात. आणि पुढच्या महिन्यापासून माझ्याबरोबर नव्या मुलांना वॉरंट वाचायला शिकवाल का?"

मृणालिनीने हो म्हटलं की नुसती मान हलवली, हे तिला नंतर आठवेना. बाहेर येऊन ती जिन्यात बसली आणि मनसोक्त रडली. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मग नाक पुसून तिने गिरीशला फोन लावला.

"मीटिंगमध्ये आहे गं, पटकन बोल," तो कुजबुजला.

"अ‍ॅडव्होकेट मृणालिनी बोलतेय," ती म्हणाली.

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा मोठा आवाज झाला आणि गिरीश भर मीटिंगमध्ये, मराठीतच ओरडला, "अरे, माझी बायको पास झाली!"