फाटक्या कानाच्या मेंढीचा संशय

मित्रांनो, मी एक जुनी मेंढी आहे. माझे पुढचे दात पडले आहेत आणि डावा कान मधोमध फाटलेला आहे. माझी गोष्ट सांगते, पण तुम्ही जरा लांबच बसा. आणि हात मागे लपवू नका. रिकामे आहेत ना? मग ठीक.

माझा जन्म वेल्सच्या डोंगरात, हाफोदच्या शेतावर झाला. आईने मला दोनच गोष्टी शिकवल्या. एक, आपला डोंगर कुठे संपतो ते. तिथे कुंपण नाही, पण आमच्या कळपातली कोणी ती हद्द ओलांडत नाही. दुसरी, कोणावरही विश्वास ठेवायचा नाही. माणूस खाण्याची बादली वाजवत आला तर दुसऱ्या हातात औषधाची नळी असते. गोड बोलू लागला तर लोकर कातरायची वेळ झालेली असते. आणि कुत्रा जमिनीला पोट लावून पडला तर तो झोपलेला नसतो.

या शिकवणीवर माझं आयुष्य सुखात गेलं. मी कोकरं वाढवली, लोकर दिली, बर्फात कळपाला वाट काढून दिली. आमचा मालक इद्वाल माझं कौतुक करायचा. तो स्वतःही माझ्याच जातीचा होता म्हणा ना! शेजाऱ्याने रामराम केला तरी याला वाटायचं, ह्याला आपली शिडी न्यायची असणार.

त्याच्याकडे फ्लॉस नावाची कुत्री होती. कामाला वाघीण, पण दाताला सैल. एकदा डोंगरावरून खाली आणताना मी थांबले, वळले आणि तिच्यासमोर पाय आपटला. आम्ही मेंढ्या पाय आपटतो तेव्हा ‘पुढे येऊ नकोस’ असं सांगत असतो. चांगला कुत्रा ते ऐकतो आणि थोडा थांबतो. फ्लॉस थांबली नाही. तेव्हापासून माझा कान असा आहे. पुढे तिने कुत्र्यांनी मेंढ्या हाकायच्या स्पर्धेतही, साऱ्या खोऱ्यासमोर एका मेंढीचा लचका तोडला. इद्वालला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

फ्लॉस गेली, पण मागे एक पिल्लू ठेवून गेली. तिचं नाव नेल. इद्वालची मुलगी मेरेरिद हिने तिला स्वयंपाकघरात चुलीजवळ बाटलीने दूध पाजून वाढवलं. नवरा गेल्यापासून ती घरात फारसं बोलत नसे, पण नेलशी बोलायची. आम्ही मात्र नेल दिसली की एकमेकींना चिकटून उभ्या राहायचो. दात आईवरच गेले असणार, दुसरं काय!

इद्वाललाही तेच वाटत होतं.

“हिला शेजारच्या सुल्विनकडे देऊन टाकू,” तो एकदा गोठ्याच्या दारात म्हणाला. “त्याच्याकडे गाई आहेत. गाईंना चावली तर बिघडत नाही.”

“बाबा, तिने कधी कोणाला दात लावलाय का?”

“फ्लॉसनेही लावला नव्हता. लावेपर्यंत.”

“एक संधी तर द्या!”

म्हाताऱ्याने बराच वेळ दाढी खाजवली. “बरं. यंदा स्पर्धेत उतर. मेंढ्या शेवटी कुंपणाच्या वाडग्यात गेल्या तर कुत्री तुझी. नाही गेल्या तर त्याच संध्याकाळी सुल्विन घेऊन जाईल. मग डोळ्यात पाणी आणायचं नाही.”

मी भिंतीपलीकडेच चरत होते. खरं सांगते, तिने सुल्विनकडे जावं हेच मला पटत होतं.

त्या वर्षी स्पर्धेच्या मेंढ्या आमच्याच शेताच्या होत्या. कोणाच्या वाट्याला कोणत्या मेंढ्या येतील ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. मेरेरिदच्या चिठ्ठीत नेमकी मी आले. लगेच तंबूपाशी चहा पीत उभा असलेला एक जण कुजबुजला, “घरच्याच मेंढ्या! यात काही काळंबेरं नाही ना?”

“तू त्या फाटक्या कानाच्या बाईला ओळखत नाहीस,” सुल्विन हसून म्हणाला. “ती सख्ख्या मालकालाही वाट देत नाही. मी तर गाडीत त्या कुत्रीसाठी पेंढा पसरूनच आलोय. गाईंपुरती ठीक आहे ती.”

आम्हाला डोंगराच्या माथ्यावर सोडलं. खाली, हाकणाऱ्याने जिथे उभं राहायचं त्या खुंटाजवळ मेरेरिद एवढीशी दिसत होती. तिने शीळ घातली आणि नेल निघाली. ती सरळ अंगावर आली नाही, लांबून वळसा घेत आमच्या मागे आली आणि थांबली. मी म्हटलं, नाटक आहे. आम्ही चालू लागलो. ती मागून येत होती, पण अंतर राखून. मी मुद्दाम थांबले, तीही थांबली. मी मुद्दाम वाट सोडली, तर ती बाजूने येऊन नुसती उभी राहिली. मला राग येऊ लागला. चावायचं तर चाव बाई एकदाची, म्हणजे माझं म्हणणं तरी खरं ठरेल!

वाटेत मांडलेली सगळी फाटकं पार करून आम्ही वाडग्यापाशी पोचलो. तिथला नियम असा की माणसाने वाडग्याचं दार उघडायचं, दाराला बांधलेली दोरी हातात धरायची आणि मेंढ्या आत जाईपर्यंत ती सोडायची नाही. मेंढ्या आत घालायच्या त्या कुत्र्याने.

बाकीच्या माझ्या मागे थबकल्या. मी दारात वळले आणि नेलकडे पाहिलं. ती ओल्या गवतात पोट टेकून पडली होती. मी तिच्या डोळ्यांत फ्लॉसला शोधलं, अगदी कसून शोधलं. फ्लॉस तिथे नव्हती. नेल हळूच उठली आणि एक पाऊल मागे सरकली. मला वळायला जागा दिली. इतक्या वर्षांत कोणत्याही कुत्र्याने माझ्यासाठी पाऊल मागे घेतलं नव्हतं.

मी आत जायचं ठरवलं. त्यासाठी पाय उचलला.

मेरेरिदला दिसला तो नुसता उचललेला पाय. आता ही आपटणार, आता ती झेप घेणार! आईसारखीच! “नेल, नको!” ती किंचाळली. हातातली दोरी सोडून ती धावली आणि काठी आडवी धरून नेल आणि माझ्यामध्ये उभी राहिली.

मग पंचांच्या गाडीतून आवाज आला, “आभारी आहोत!” आमच्याकडे स्पर्धेत हे शब्द कोणालाच ऐकायचे नसतात. त्याचा अर्थ, तुम्ही बाद, चालू लागा.

मेरेरिदने खाली पाहिलं. नेल कान पाडून पडली होती, आपलं काय चुकलं ते शोधत. “मीच गं,” मेरेरिद म्हणाली, “मीच नाही विश्वास ठेवला.” आणि ती बाजूला झाली. तिला रडू आवरेना.

मग मी वळले आणि वाडग्यात गेले. बाकीच्या माझ्या मागून आल्या. दार धरायला कोणी नव्हतं, शीळ नव्हती, गुणही मिळणार नव्हते. नेल दारात येऊन आडवी झाली.

सुल्विन कुंपणावरून उडी टाकूनच आला. “इद्वाल, ठरल्याप्रमाणे हं! आत्ताच नेतो.”

इद्वालने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “सकाळी तर नाक मुरडत होतास. गाईंपुरती ठीक आहे म्हणालास.”

“ते... म्हणजे... शब्द म्हणजे शब्द!”

“एवढी घाई? मग देत नाही. तुला घाई झालीय म्हणजे मीच कुठेतरी फसत होतो.” आणि मुलीकडे न बघता तो पुटपुटला, “ने तिला घरी. भिजलीय ती.”

मित्रांनो, संशय वाईटच असतो असं मी म्हणणार नाही. त्याच्यावर मी आजवर जगले, आणि त्या दिवशी नेल घरी राहिली तीही म्हाताऱ्याच्या संशयामुळेच. पण मेरेरिद अजून त्या दिवसाची आठवण निघाली की उठून नेलपाशी जाऊन बसते. आता मी थकले आहे. कळपाच्या पुढे दुसरी चालते, माझ्याकडे फारसं कोणी बघत नाही. म्हणून जाता जाता तुमच्यापाशी एवढंच मागते. कोणाची आई कशी होती ते विचारू नका. आणि कोणी पाय उचललेला दिसला, तर काठी आडवी घालण्याआधी तो पाय कुठे पडतो तेवढं बघा.