सुपडू मिस्त्रीची उजवी दाढ

"तीन नंबरची वायर काढ," असं म्हणून सुपडू मिस्त्रीने हातभर लांब पेचकसाचं टोक चालत्या इंजिनाला टेकवलं आणि लाकडी मूठ उजव्या दाढेखाली धरली.

तोताराम ड्रायव्हरने तिसऱ्या प्लगची वायर उपटली. दाढेत बसणारा घाव एकदम मऊ झाला. वायर पुन्हा लावली, पुन्हा घाव. आत कोणाला तरी कोंडलंय आणि तो दार ठोकतोय, असा.

सुपडू मिस्त्री इंजिनाची चव घेतो, हे रावेरात सगळ्यांना ठाऊक होतं. पूर्वी तो पेचकसाची मूठ कानाला लावायचा. दोन वर्षांपूर्वी दाढेखाली धरू लागला, तेव्हा लोकांनी ती विद्येतली पुढची पायरी मानली. सावद्याच्या एका मिस्त्रीने तसंच करून पाहिलं आणि ओठ भाजून घेतला. विद्या सगळ्यांना पचत नाही, असं मग ठरलं. खरी गोष्ट एकट्या कलाबाईला, त्याच्या बायकोला माहीत होती. तिला भांडायचं असलं, की ती आधी समोर येऊन उभी राहायची.

मिस्त्रीचे दोन्ही कान गेले होते. हाडातून येईल तेवढंच ऐकू यायचं. बाकीचं तो लोकांच्या ओठांवरून उचलायचा. आणि आता तोंडात उरलेली ती एकच दाढही हलायला लागली होती.

गाडी केळीचे व्यापारी भाईदासशेठ यांची. लाल, बिनटपाची, दोन सीटांची, विलायती स्पोर्ट्स गाडी, वय पंचवीस. दीपनगरच्या वीजकेंद्रातल्या एका साहेबाने बदली होताना विकलेली. शेठना तिच्यातून उतरायला दोन माणसं लागत, पण चढताना ते एकटे चढत, ही अभिमानाची बाब होती. काल त्यांच्या धाकट्या मुलाचं, मगनचं लग्न झालं होतं. आज नवरानवरी याच गाडीतून धुळ्याला, सुनेच्या माहेरी निघणार होती. आणि सकाळपासून इंजिनातून ठकठक येत होती.

मिस्त्रीने पेचकस तोंडातून काढला. "शेठ, हिले हलवू नका. तीन नंबरच्या रॉडचं बेअरिंग गेलं. रॉड तुटला की इंजिन आवळते, जाम होते, मांगची चाकं जागीच बसतात. अन् हायवेवर मांगून ट्रक राह्यला तं..."

"शुभ बोल ना, मिस्त्री!" शेठ म्हणाले. " सून उभी हाये समोर."

"मी कुठं बोलतो? ते इंजिन बोलून राह्यलं."

तोतारामला बोलण्यापेक्षा कृती आवडायची. त्याने शेठच्या ट्रकमधून जाड ऑइलचा डबा आणला आणि इंजिनात ओतला. गाडी चालू केली. सगळ्यांनी माना कलवल्या आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. त्यावरून मिस्त्रीला कळलं, आवाज बंद झाला.

त्याने पुन्हा पेचकस टेकवला. घाव तिथेच होता. ठोकणाऱ्याने फक्त हाताला कापड गुंडाळलं होतं.

"अजून हाये," तो शेठकडे येऊन म्हणाला. "पोरायले एस्टीनं पाठवा. पाया पडतो तुमच्या."

शेठ विचारात पडले. तेवढ्यात समोरच्या कडुलिंबावरचे कावळे एकदम उडाले. शेठनी दचकून कान झाकले. मिस्त्रीने वळून पाहिलं. तोतारामचा हात हॉर्नवर होता, आणि कधीपासून होता कोण जाणे.

"ठार बहिरा हाये, शेठ!" तोतारामचे ओठ म्हणाले. "आपल्या सगळ्यायले आवाज नही आला, अन् याले आला!"

हसणं ऐकू येत नसलं, की तोंडं फार मोठी दिसतात.

"मी दातानं ऐकतो," मिस्त्री म्हणाला. त्या सकाळी बोलली गेलेली ती सगळ्यात खरी गोष्ट होती. सगळ्यात मोठा हशा तिलाच मिळाला.

मगन आणि नवरी गाडीत बसली. मिस्त्री गाडीसमोर गेला, उघड्या बॉनेटखाली वाकला आणि पुन्हा पेचकस लावून बसला. एकदा अजून ऐकावं, आपलीच चूक निघावी, एवढीच त्याची इच्छा होती. मगनने गंमत म्हणून क्लच जरासा सोडला. गाडीने हिसका दिला आणि दाढ लाकडी मुठीत रुतून बाहेर आली.

मिस्त्री रक्त थुंकत बाजूला झाला. गाडी निघाली, तिच्यातून मेंदीचा एक हात त्याच्या दिशेने हलला. त्याने दाढ खिशात टाकली आणि गॅरेजच्या दारात बसून राहिला. आता रावेरात त्याच्यासाठी कुठलाच आवाज उरला नव्हता.

दुपारी एकच्या सुमाराला समोर शेठच्या केळीच्या वखारीत मुनीम रतिलालने फोन उचलला. त्याचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. मग माणसं धावू लागली. सगळ्यांत पुढे तोताराम होता, आणि तो गॅरेजकडेच येत होता.

मिस्त्रीने खिळ्यावरचा गाडी ओढायचा दोर काढला आणि आपल्या जीपमध्ये टाकला. वळला तर कलाबाई समोर येऊन उभी होती. तिच्या हातात दोन धुतलेल्या चादरी होत्या.