कामाचं चिन्ह

लीनाने पिशवीतून आपली कॉलेजातली जुनी वही ओढून काढली आणि चालत्या ऑटोतच मांडीवर उघडली. तिचं कोपर शेजारच्या बाईला लागलं. बाई बंगालीत काहीतरी पुटपुटली. लीनाने लक्ष दिलं नाही.

"हे बघ. सप्टेंबर नव्याण्णव. डेल्टा यू बरोबर क्यू वजा डब्ल्यू. देवधर मॅडमनी फळ्यावर लिहून दिलेलं आहे. डब्ल्यूच्या, कामाच्या आधी वजा!"

"आई, हळू बोल ना," वैदेही म्हणाली. "मला शरम येते."

"शरम येत नाही, लाज वाटते. आणि ती तुझ्या सरांना वाटली पाहिजे. उत्तर बरोबर आणि मार्क शून्य!"

"पाचच मार्क आहेत."

"पाच मार्कांसाठी नाही चालले मी."

वैदेहीने तोंड रस्त्याकडे फिरवलं. अकरावीतली पोर, पण आज गणवेशात ती आठवीतली दिसत होती. सहामाहीचे पेपर शाळा घरी देत नव्हती. शनिवारी पालकांनी येऊन वर्गात बघायचे. काय प्रश्न होता आणि काय लिहिलं, ते वैदेहीने घरी तोंडी सांगितलं होतं. तेवढ्यावर लीना तीन रात्री नीट झोपली नव्हती.

सकाळी तिचा नवरा सुधाकर बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला होता, "उगाच भांडू नकोस. ट्यूशन लावून टाकू. इथे सगळीच मुलं जातात." गॅसवाल्याला फोन कर म्हणावं, तसं. तो केंद्र सरकारच्या नोकरीत होता. ऑर्डर आली की घर उचलायचं. नाशिकहून जबलपूर, जबलपूरहून कोलकाता. बदलीच्या ऑर्डरवर बायकोचं नाव नसतं. असायला पाहिजे, त्याच कागदाने तिचीही नोकरी जाते. नाशिकला लीना चार वर्षं ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती, तासिका तत्त्वावर. जबलपूरला एका शाळेत वर्षभर. इथे दोन वर्षांत सात ठिकाणी अर्ज केले. कुणाला बी.एड. हवं होतं, कुणाला बंगाली, आणि बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही.

राहिली वैदेही. रोज संध्याकाळी सहा ते साडेसात, डायनिंग टेबलावर. सहाला दहा मिनिटं असताना लीना गाऊन बदलून ड्रेस घालायची, केस बांधायची. पोरीला शिकवायला. सुधाकर एकदा हसला होता, परत हसला नाही. पहिल्या दिवशी लीना म्हणाली होती, "आपण ज्याचा अभ्यास करतो ती प्रणाली, बाकी सगळा परिसर." वैदेहीने विचारलं होतं, "ही प्रणाली कोण? तुझी मैत्रीण?" दोघी इतक्या हसल्या की शेजारच्यांनी भिंत वाजवली.

ऑगस्टमध्ये एकदा वैदेही पेन्सिल चावत म्हणाली होती, "आई, सर तर इथे प्लस घेतात."

"सरांना सांग, माझी आई कॉलेजात शिकवायची. पुढचं गणित घे."

त्यानंतर पोरीने विषय काढला नव्हता.

शाळेत, वर्गातल्या बाकांवर पेपरांचे गठ्ठे मांडले होते. रसायनशास्त्राचे भौमिक सर पन्नाशीचे, बारीक, शर्टाच्या खिशाला खडूचा डाग. त्यांनी समोरची खुर्ची पुसून दिली. वैदेही बाहेर व्हरांड्यातच थांबली.

"बैठिए ना, मैडम. वैदेही की माँ?"

लीना बसली नाही. तिने वही त्यांच्यासमोर आपटली.

"ये देखिए. डेल्टा यू सही है उसका. सही है ना? फिर ज़ीरो किस बात का?"

सरांनी वही उचलली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते पान वाचलं, मग उलटलं, मग पुढचंही वाचलं. लीना भांडणाची पुढची चार वाक्यं जुळवून उभी होती. सर हसले. त्या हसण्यात खोट काढायला जागाच नव्हती, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"ओ! पुराना कन्वेंशन! मैं भी यही पढ़ा था, मैडम. स्टीम इंजिन का हिसाब. इंजिन ने जो काम करके दिया, वो प्लस. अब उल्टा हो गया. गैस के ऊपर जो काम हुआ वो प्लस, गैस ने खुद किया तो माइनस. इसलिए फ़ॉर्मूला भी क्यू प्लस डब्ल्यू."

"बदला कब?"

"बहुत दिन हुआ. केमिस्ट्री में बदला. फ़िज़िक्सवाले अभी भी आपका ही लिखते हैं." त्यांनी हात पसरले. "दोनों ठीक है. खाली बोलना पड़ता है, आप किधर खड़े हैं."

"जो काम करता है, उसी का माइनस?"

"काम किया तो उसका अंदर का कुछ कम हुआ ना, मैडम?"

लीना बसली. वही तिने स्वतःकडे ओढली आणि बंद केली. बाहेर एक बाप मुलाला गणितावरून झापत होता. सर खालच्या आवाजात म्हणाले, पाचातले चार मार्क देऊन टाकतील, पद्धत बरोबर होती, त्यांनीच घाईत तपासलं. मग त्यांनी गठ्ठ्यातून वैदेहीचा पेपर काढला आणि पान उलटता उलटता थांबले.

"लेकिन एक बात मेरे को समझ में नहीं आया."

शेवटच्या पानावर कच्चं काम होतं. बाहेरचा दाब दोन, गॅस पाच लिटरचा दहा लिटर झाला. पेन्सिलीने, बारीक अक्षरात: डब्ल्यू बरोबर उणे दहा. सरांचं चिन्ह, सरांचं सूत्र, खाली डेल्टा यू, सगळं चोख. त्यावर एकच तिरकी रेघ. आणि आतल्या पानावर, उत्तराच्या जागी, तेच गणित पेनाने, ठळक: डब्ल्यू बरोबर अधिक दहा. नव्याण्णव सालच्या वहीसारखं.

"उसको आता है," सर म्हणाले. "फिर काटा क्यों? मैंने पूछा था. बोली, सर, घर में दूसरा है."

लीना त्या पेन्सिलीच्या ओळींकडे बघत राहिली. वैदेहीचा दोन तिच्यासारखाच होता, शेपूट वर वळलेलं. लीनानेच तो असा गिरवून घेतला होता, वैदेही पहिलीत असताना.

"नंबर रहने दीजिए, सर."

"अरे, क्यों?"

"रहने दीजिए. आप घर पे पढ़ाते हैं?"

"सोमवार, बुधवार, शुक्रवार. छह बजे. आठ-दस बच्चा आता है."

"भेज दूँगी," लीना म्हणाली आणि पेपरवर सही करून उठली. सही जरा तिरकी गेली.

व्हरांड्यात वैदेही खांबाला टेकून उभी होती. आईचा चेहरा बघून तिने दप्तर खांद्यावर घेतलं. दोघी फाटकाबाहेर ऑटोच्या रांगेपर्यंत आल्या. लीनाला आत्ता, रस्त्यात, पोरीच्या एक ठेवून द्यावीशी वाटत होती. आणि आपण हात उचलला तर ही मागे सरकेल, हेही दिसत होतं. एवढी घाबरते ही आपल्याला. येत असलेलं उत्तर खोडलं हिने. ऑगस्टमध्ये आपण हिचं तोंड बंद केलं, ते हिने परीक्षेतसुद्धा उघडलं नाही.

"सर काय म्हणाले?" शेवटी वैदेहीनेच विचारलं.

"म्हणाले, दोन्ही बरोबर."

"मग मार्क?"

"नाही घेतले." लीना ऑटोची वाट बघत म्हणाली. "सोमवारपासून सरांकडे जायचं. मी बोलून आलेय. सहाची बॅच आहे."

तिला वाटलं होतं, पोरगी सुटल्यासारखी श्वास सोडेल. लपवायचा प्रयत्न करील, पण दिसेलच. सगळ्या मैत्रिणी तिथेच जात होत्या. वैदेहीच्या कपाळावर आठी आली. ती बुटाच्या टोकाने फुटपाथवरची फरशी उकरत राहिली.

"मी घरीच शिकते ना," ती म्हणाली. "मला दोन्ही येतं. तुझ्यासमोर तुझं करते, तिकडे त्यांचं. या वेळी मी विचार केला, पेपर तर तू बघणार, आणि सर पण पुराने आहेत, चालवून घेतील. पुढच्या वेळी नाही करणार."

"काही गरज नाही. चांगलं शिकवतात ते. जायचं."

"पण मग सहाला तू काय करशील?"

तिने हे अगदी साध्या आवाजात विचारलं. त्यात भीतीचा लवलेश नव्हता. एखाद्या मोठ्या माणसाने लहानाची सोय बघावी, तसं विचारलं, आणि उत्तरासाठी आईकडे बघत राहिली. तिने हा विचार आज केलेला नव्हता. बऱ्याच दिवसांपासून करत असावी.

मला काय उद्योग कमी आहेत, असं काहीसं लीनाला म्हणायचं होतं.

समोर ऑटो येऊन थांबली. मागे दोघं, पुढे एक. ड्रायव्हर त्यांच्या घराकडच्या स्टॉपचं नाव ओरडला, "करुणामयी, एकजन, एकजन!" एकच जागा होती. लीनाने वैदेहीचं दप्तर धरून तिला आत ढकललं.

"अगं, आणि तू?"

"मी येते चालत."

"घर लांब आहे!"

"माहीत आहे मला."

ऑटो निघाली. वैदेही मान बाहेर काढून मागे बघत होती, वळणापर्यंत. लीनाने हात केला. तिथून घर चालत पाऊण तास होतं. तिने वहीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि सहाच्या प्रश्नाचं उत्तर घेऊनच घरी जायचं असल्यासारखी दुसऱ्याच दिशेने चालायला लागली.