छापलंय तसंच

तनुजानं पहिलं वाक्य वाचलं आणि सरोजिनीबाईंनी हात वर केला.

"वी वेअर. परत वाच."

सरोजिनीबाईंनी चौतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांचे पडदे खराब झाले. आता समोरच्या माणसाचा नुसता आकार दिसायचा. शेंद्र्याची तनुजा, इंग्रजीत एम.ए. झालेली, रोज दुपारी येऊन त्यांना वाचून दाखवायची आणि बाई तिचे उच्चार सुधारायच्या. चिकलठाण्याच्या एका इंग्रजी शाळेत शिक्षिकेची जागा निघाली होती. तिथल्या मुख्याध्यापिका या सरोजिनीबाईंच्या जुन्या विद्यार्थिनी. आज चार वाजता बाई त्यांच्याशी तनुजाबद्दल बोलणार होत्या.

"मॅडम, इथं वॉजच आहे. वी वॉज हंग्री."

"पुस्तकात असं कोण छापेल?"

पुस्तक बाईंच्या मुलानं, सुयशनं, पाठवलं होतं. कुठल्याशा बेटावरची धुणं धुणारी बाई त्यात आपली गोष्ट स्वतः सांगत होती. तनुजानं पुढचं वाक्य घेतलं. "माय सिस्टर, शी डोन्ट से नथिंग."

"डझन्ट से एनिथिंग!" बाईंचा आवाज चढला. "तनुजा, हे असलं इंग्रजी घेऊन तू वर्गावर जाणार? मी कोणत्या तोंडानं तुझं नाव सुचवू?"

तनुजानं घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन. तिनं वाचलं, "वी वेअर हंग्री."

"हं. आता कसं!"

मग ती डोळ्यांनी एक वाक्य वाचू लागली, तोंडानं दुसरं. दोन पानं अशी गेली. बाई समाधानानं मान हलवत होत्या. तिसऱ्या पानावर त्या धोबिणीचं मूल तापानं गेलं. तिनं आकांत केला होता, मोडक्यातोडक्या शब्दांत. तनुजा ते वाक्य मनात दुरुस्त करायला लागली आणि तिला ते जमेना. तिनं पुस्तक मांडीवर ठेवलं.

"का थांबलीस?"

"मी खोटं वाचतीय, मॅडम. दोन पानं झाली. तुम्हाला आवडंल तसं वाचत होते. त्या बाईचं बोलणं असं नाय."

"भिंग दे," सरोजिनीबाई म्हणाल्या.

पुस्तक घेऊन, दिवा जवळ ओढून त्या पहिल्या पानावर वाकल्या. एकेक अक्षर भिंगाखाली सरकवत होत्या. मधेच ओळ हरवायची, परत सुरुवातीपासून. दहा मिनिटांनी बाई पुटपुटल्या, "डब्ल्यू. ए. एस."

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"मी चुकले," त्या म्हणाल्या. "पण माझ्या धाकानं तू वाक्यं बदललीस, हे मला जास्त लागलं."

"मलाबी लागलं," तनुजा म्हणाली. "पण नोकरी पाहिजे होती."

तेवढ्यात फोन वाजला. मुख्याध्यापिकांचाच होता.

"हो, मुलगी चांगली आहे," बाई म्हणाल्या. "नाही, इंग्रजी पक्कं आहे. मीच तिला चुकीचं वाचायला लावलं, तर तिनं मला थांबवलं. सोमवारी पाठवते, तुम्हीच बघा."

बाईंनी फोन ठेवला आणि त्या खुर्चीत मागे रेलल्या.

"त्या धोबिणीच्या मुलाचं ऐकायचंय. पहिल्यापासून वाच. ती म्हणते तसं."